खांद्यामागचं नाव

आमच्या घरात मीठ दोन ठिकाणी पडतं, स्वयंपाकात आणि विमानांवर. स्वयंपाकातलं मी कधीमधी विसरते. विमानावरचं मात्र एकदाही विसरलं गेलं नाही, आणि एकदा तरी विसरलं असतं तर आज मला आरशात नीट बघता आलं असतं.

नीट सांगते. आमचे हे डेकल छापतात. युद्धातल्या लढाऊ विमानांच्या छोट्या प्रतिकृती जोडणारे हौशी लोक असतात ना, प्लॅस्टिकचे सुटे भाग चिकटवून तळहाताएवढं विमान करणारे? त्या विमानावर लावायची चिन्हं, आकडे, पट्टे, नावं हे सगळं एका कागदावर पातळ पापुद्र्यासारखं छापलेलं असतं. हवं ते कापायचं, पाण्यात बुडवायचं, सुटलं की ओल्या ब्रशने पंखावर सरकवायचं. खोक्यासोबत डेकल मिळतातच, पण ती जाडीभरडी, रंग हललेली. खऱ्या हौशी माणसाचं त्यावर भागत नाही. त्याला अमक्याच तुकडीतलं, तमक्याच वैमानिकाचं विमान हवं असतं, आणि ते जुन्या फोटोंवरून शोधून, आखून, छापून द्यायचं काम आमच्याकडे. असा ग्राहक बायकोचा वाढदिवस विसरेल, पण निळ्याची छटा जरा इकडची तिकडे झाली की सकाळी दात घासायच्या आत त्याचा फोन येतो.

हे आखतात आणि छापतात. कागद तपासणं, कापणं, पाकिटात घालणं आणि फोनवर गोड बोलणं माझ्याकडे. काम सगळं भिंगाखालचं. 'डोळ्याला भिंग आणि घरात भिंगरी, माणसाने जायचं कुठे?' हा ह्यांचा एकुलता एक विनोद, आणि तो आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकावा लागतो. भिंगरी म्हणजे मी. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा माझा पाय एका जागी ठरायचा नाही, तेव्हापासून ते नाव चिकटलं. खरं नाव फक्त बँकेत उरलं. हाक मारायची तर 'भिंगरे', मग घरात पाहुणे असोत की रस्त्यात गर्दी असो. मी वरवर चिडते. आतून मला ती हाक फार आवडते, हे कबूल करायला आता लाज वाटते, पण त्याचं कारण पुढे येईल.

आता मीठ. आमचा एखादा कागद चालला की थोड्याच दिवसांत तसाच्या तसा दुसऱ्या एकाच्या दुकानात दिसायचा. आम्ही त्याला कॉपीबहाद्दर म्हणायचो. जाब विचारला तर म्हणायचा, 'फोटो काय तुमच्या एकट्याच्या मालकीचा आहे? मलाही तोच सापडला.' त्यावर बोलणार काय? मग ह्यांनी डोकं चालवलं. प्रत्येक कागदावर एक बारीकशी थाप छापायची. पत्रा जोडणाऱ्या रिव्हेटांच्या ओळीत एक टिंब जास्त घालायचं, किंवा पंखावरच्या 'इथे पाय ठेवू नये' ह्या सूचनेतलं एखादं अक्षर मुद्दाम वाकडं काढायचं. फोटोत नसलेली ती थाप त्याच्या कागदावरही निघाली, की चोर मुद्देमालासकट हाती. त्या थापेला आम्ही मीठ म्हणायला लागलो. छपाई सुरू व्हायच्या आधी मी विचारायची, 'मीठ टाकलं का?' आणि हे आतून म्हणायचे, 'चिमूटभर.'

मग हे विमान आलं, आपल्याकडच्याच एका वैमानिकाचं. त्याचा फोटो एकच. विमानाच्या डाव्या बाजूला स्वतः वैमानिक उभा आहे, टोपी मागे सरकवलेली, तोंडभर हसतोय, आणि त्याच्या खांद्यामागे बरोबर बसायच्या जागेखालचा भाग झाकला गेलाय. तिथे काही लिहिलेलं होतं की कोरा पत्रा होता, ते त्या खांद्यालाच माहीत.

त्या आठवड्यात मी कागद कापून कापून वैतागले होते. हातातल्या प्रत्येक विमानावर कुणाची ना कुणाची लाडकी, बायको नाहीतर मैत्रीण. म्हटलं, "साऱ्या जगाच्या बायका तुमच्या विमानांवर मिरवतात. घरची तेवढी कात्री चालवायला."

हे हसले. दुसऱ्या दिवशी तपासायला कागद दिला आणि मुद्दाम समोर उभे राहिले. भिंग लावलं तर खांद्यामागच्या त्या जागेसाठी तिरक्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत छापलेलं, 'भिंगरी'. ह्या वयात मी लाजले. खरंच लाजले.

ह्यांनाच मग चुटपुट लागली. "हे नाव आहे गं. टिंब नाही. परक्या माणसाच्या विमानावर आपलं नाव, बरं दिसतं का? काढू?"

"राहू द्या की," मी म्हटलं. "मेलेल्या माणसाला काय कळतंय?"

हे वाक्य माझं आहे. ह्यांचं नाही, कॉपीबहाद्दराचं नाही. मला ते आता जेवताना आठवतं, केस विंचरताना आठवतं.

कॉपीबहाद्दर सापडला, आणि तोही अगदी भिंगरीसकट. ह्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून चार जाणत्यांना दाखवले, आणि तो धंदा गुंडाळून गप्प बसला. आम्ही दोघं बाहेर जेवलो, हसलो. पण थाप एकदा सुटली की ती काय आपल्याला विचारून हिंडते? लोकांनी ते विमान जोडलं, फोटो टाकले. कुणी त्यावर लेख लिहिला. एका कंपनीने खोक्यावरच्या चित्रात नाव रंगवलं. बघता बघता त्या विमानाला सगळे 'भिंगरी'च म्हणायला लागले.

"आता जाहीर करून टाकू," हे म्हणाले. "चोर तर सापडला. मीठ काढून टाकू."

"करू हो, घाई काय आहे?" मी म्हटलं. घाई मला नव्हतीच.

मग तो फोन आला. हे दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. फोन विमान संग्रहालयातल्या रंगाऱ्याचा, आमच्या जुन्या ओळखीचा. त्यांच्याकडे त्याच जातीचं एक खरंखुरं विमान दुरुस्त होऊन उभं होतं, आणि त्याला ह्याच वैमानिकाच्या विमानाचा रंग द्यायचा ठरला होता.

"वहिनी, तुमचा कागद समोर घेऊनच बसलोय," तो म्हणाला. "बाकी सगळं फोटोशी जुळतंय. फक्त ते नाव. फोटोत तिथे खांदा आलाय. तुमच्याकडे दुसरा काही पुरावा असेलच ना? छोट्या मॉडेलचं ठीक आहे, पण अख्ख्या विमानावर रंगवायचं म्हणजे जबाबदारी आली."

'हे आले की सांगते' एवढंच म्हणायचं होतं. एवढं लहान वाक्य. पण माझ्या डोळ्यांसमोर ते विमान उभं राहिलं, आणि त्यावर वीतभर उंचीचं माझं नाव.

"आहे की पुरावा," मी म्हटलं. "बिनधास्त रंगवा."

"वहिनी म्हणतात म्हणजे झालंच," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. हे घरी आले तेव्हा अर्धा जबडा बधिर होता. मी सांगितलं, रंगाऱ्याचा फोन होता, तुमचं कौतुक करत होता. हे वाकड्या तोंडाने हसले.

उद्घाटनाला आम्हाला बोलावणं होतं. मोठा थोरला हॉल, ताज्या रंगाचा वास, गुळगुळीत फरशी. मग विमान दिसलं. तळहातावर खेळवलेली वस्तू एकदम घराएवढी होऊन समोर उभी. आणि बसायच्या जागेखाली, पांढऱ्या तिरक्या अक्षरांत, मी.

हे माझ्या शेजारी होते. त्यांनी नाव वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा पडला. "हे कुणी सांगितलं त्यांना?" एवढंच हळू आवाजात विचारलं. मी ऐकलंच नाही असं दाखवलं, तिथल्या एका अनोळखी बाईच्या हातात फोन दिला, आणि नावाखाली पत्र्यावर हात टेकून फोटोसाठी उभी राहिले.

तेवढ्यात एक चाकांची खुर्ची आली. खुर्चीत नव्वदीपुढची एक आजी, स्वच्छ धुतलेल्या वाटीसारखा चेहरा. खुर्ची ढकलणारी तिची मुलगी, तीही केस पिकलेली. रंगारी लगबगीने पुढे गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्या आपल्या वैमानिकांच्या पत्नी बरं का! मुद्दाम आल्यात."

मेलेल्या माणसाला काय कळतंय, असं म्हणताना त्याच्या मागे कुणी जिवंत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. वैमानिक युद्धातून घरी परतला होता, संसार केला होता, म्हातारा होऊन गेला होता. आम्हाला त्याच्या विमानाच्या शेपटीवरचा आकडा पाठ होता आणि हे माहीत नव्हतं.

आजींनी मान वर करून विमानावरचं नाव वाचलं. मग म्हणाल्या, "ही भिंगरी कोण?"

"म्हणजे काय आजी, तुम्हीच ना?" रंगारी कौतुकाने म्हणाला. "लाडाचं नाव असणार."

"मी नाही," आजी म्हणाल्या. "मला ते 'अगं' म्हणायचे."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. आजींनी पुन्हा नाव वाचलं, ओठ हलवत, एकेक अक्षर. "युद्धावर गेले तेव्हा आमचं लग्न झालेलं होतं," त्या म्हणाल्या, कुणालाच उद्देशून नाही. "शेवटपर्यंत अगंच म्हणाले. मला वाटायचं, माणसाला लाडाची नावंच ठेवता येत नाहीत. काहींचा स्वभाव असतो तसा."

माझा हात अजून पत्र्यावर होता. तो मी काढला. एवढंच केलं. तोंड उघडून 'आजी, ती मी, ती आमची थाप' म्हणायचं होतं, आणि मी पंखाच्या पलीकडे गेले, चाकाजवळची पाटी वाचत उभी राहिले. पाटीवर काय लिहिलं होतं ते विचाराल तर सांगता यायचं नाही.

गाडीत बसल्यावर ह्यांना सगळं सांगितलं, फोनचंही. हे ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन बंद केली. घरी आल्यावर रंगाऱ्याला फोन करून खरं सांगितलं, जिथे जिथे लिहिता येईल तिथे लिहून टाकलं की ते नाव आमच्या मनचं आहे, आणि उरलेले सगळे कागद फाडले. दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याने नाव पुसलं. मला त्याने पुन्हा वहिनी म्हटलं नाही, माझा फोनही घेतला नाही.

आणि ह्यांनी मला भिंगरी म्हणणं सोडलं. ठरवून नसेल, त्यांची जीभच रेटत नसेल. 'अगं, चहा झाला का?' 'अगं, कात्री कुठे आहे?' हाक काही वाईट नाही, लाखो बायका त्यावर आयुष्य काढतात. पण प्रत्येक 'अगं'ला मला ती खुर्ची दिसायची.

वाटलं होतं, निदान आजींचं तरी मिटलं असेल. मग त्यांच्या मुलीचा फोन आला. "रंगाऱ्यांनी दिलेला तुमचा निरोप मी आईला सांगितला. ती ऐकून घेते आणि मान हलवते. बाबांचा फोटो भिंतीवरून उतरवायला लावलाय तिने. कपाटात ठेवलाय, पालथा. बोलत नाही फारसं. तुम्ही स्वतः येऊन सांगाल का? तुमच्या तोंडून ऐकलं तर कदाचित पटेल."

"येते, ताई," मी म्हटलं. 'नाही' म्हणायला तोंड कुठे होतं?

हे गाडी चालवत आले. फाटकाशी थांबून म्हणाले, "मी येऊ आत?" मी म्हटलं, "नको. थाप माझी, तोंडही मलाच दाखवू दे." घाईघाईत ह्यांच्या हातातली गाडीची किल्लीही मी पर्समध्ये टाकली. हे अंगणातच थांबले.

आजी खिडकीशी बसल्या होत्या. समोरच्या भिंतीवर एक फिकट चौकोन होता, आणि त्याच्या वर मोकळा खिळा. मी बसले आणि सगळं सांगितलं. कॉपीबहाद्दर, मीठ, माझं टोमणा मारणं, रंगाऱ्याचा फोन. काहीही गाळलं नाही. 'मेलेल्या माणसाला काय कळतंय' हेसुद्धा सांगितलं, कारण ते गाळलं असतं तर पुन्हा थापच झाली असती. बोलताना माझे कान तापले होते आणि नजर आजींच्या पायांतल्या लोकरी मोज्यांवर होती.

आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझा हात थोपटला.

"चांगल्या घरची दिसतेस," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या बाईला बरं वाटावं म्हणून एवढ्या लांब आलीस. माझी लेकही हेच सांगते. तो रंगवणारा मुलगाही येऊन हेच सांगून गेला. सगळ्यांनी मिळून चांगलं ठरवलंय."

"ठरवलं नाही हो आजी! खरंच सांगते." मी पर्समधून फोटोची प्रत काढली. "हे बघा. इथे नाव कुठे आहे? दिसतच नाही. इथे खांदा आहे."

आजींनी फोटो डोळ्यांजवळ धरला. "तेच तर," त्या म्हणाल्या. "खांदा आहे. मुद्दाम तिथेच उभे राहिलेत. आणि हसतायत बघ कसे. आमच्या घरातल्या एकाही फोटोत ते असे हसलेले नाहीत."

आमच्या मिठासाठी आम्ही जी जागा शोधली होती, जिथे कुणालाच काही खोटं पाडता येणार नाही अशी, तिथे आता मलाही काही खरं करता येत नव्हतं.

"आणि नसतंच काही," आजी पुढे म्हणाल्या, "तर पुसलं कशाला असतं?"

ताई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे झालं, आता राहू द्या. मी उठले. बसून तरी काय करणार होते? 'येते आजी' म्हटलं. वाकले, तशी आजींनी माझ्या हातावर हात ठेवला. आणि त्याच वेळी अंगणातून ह्यांचा आवाज आला, नेहमीचा, मोठा, मागे कुणाची तरी गाडी अडकली की लागतो तसा.

"भिंगरे! अगं किल्ली तुझ्याकडेच राहिली. मागच्याला गाडी काढायचीय. भिंगरे!"

आजींनी मान वर केली.

"काय म्हणाला तो?"

तोवर हे दारात आले, आत बघितलं, आणि आपण काय बोलून बसलो हे त्यांना कळलं. सवय ती. इतके दिवस दाबून ठेवलेली, घाईत बाहेर पडली. त्यांनी जीभ चावली, कान लाल झाले, आणि माझ्याकडे असं बघितलं की ते नाटक आहे असं जगातल्या कुणालाही वाटलं नसतं.

आजी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे, वरपासून खालपर्यंत, पहिल्यांदाच नीट. माझ्या हातावरचा त्यांचा हात त्यांनी हळूच काढून घेतला.

"कपाटातून त्यांना काढ," त्या मुलीला म्हणाल्या.

ताईंनी फोटो आणला. फोटोतला माणूस म्हातारा होता, गंभीर, कॉलरचं वरचं बटण लावलेला. आजींनी काच तळव्याने पुसली. बराच वेळ पुसली. "उगाच बोल लावला हो तुम्हाला," त्या फोटोला म्हणाल्या. ताईंनी तो खिळ्याला अडकवला, आणि भिंतीवरचा फिकट चौकोन झाकला गेला. ज्यासाठी आले होते ते झालं होतं. मला तिथून पळून जायचं होतं. मी किल्ली ह्यांच्या हातात दिली आणि दाराकडे वळले.

"थांब," आजी म्हणाल्या.

त्या चिडल्या नव्हत्या. खरंच काहीतरी समजून घ्यायचं असावं असा आवाज होता.

"घरात अशी हाक मारणारा माणूस आहे तुला," त्या म्हणाल्या. "रोज मारतो ना? मग बाई, माझ्या माणसाचं विमान तुला आणखी कशाला हवं होतं?"

बाहेर मागच्या गाडीवाल्याने पुन्हा हॉर्न वाजवला, आणि हे माझ्या शेजारून तसेच, मला कुठलीच हाक न मारता, गाडी काढायला गेले.